पंचवीस अक्षरांचा सौदा

सॉफ्टवेअर एकच, पण भाव तीन. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ऑफिसची किंमत काही हजारांत असते. दिवाळीच्या सेलमध्ये ती जरा उतरते. आणि तिसरीकडे ‘लाइफटाइम, एक पीसी, पाच मिनिटांत ई-मेलवर’ असं सांगत कुणीतरी तेच ऑफिस पाचशे-सातशे रुपयांना देऊ करत असतं. खोकं नाही, सीडी नाही, पेन ड्राइव्हही नाही. पैसे भरले की येतात फक्त २५ अक्षरं, पाच-पाचच्या पाच गटांत. लॅपटॉपवर आधीच भरपूर खर्च करून बसलेला माणूस इथे घुटमळतो. घ्यावं का? यात फसवणूक असेल का? आणि असलीच, तर ज्या ओळखीच्यांनी हे घेतलंय त्यांचं वर्ड इतकं सुरळीत कसं चालतंय?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला. त्याचा माग काढायचा तर आधी त्या २५ अक्षरांकडेच जरा निरखून बघायला हवं.

पहिली गंमत म्हणजे त्यांत इंग्रजीतला एकही स्वर नसतो. ए, ई, आय, ओ, यू सगळे गायब. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, दोन आणि झेड या जोड्यांमध्ये डोळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून त्यांतला एक तरी भिडू, कधी दोन्ही, बाहेर काढलेले. स्वर नसले की चुकून एखादा अर्वाच्य शब्द तयार व्हायचीही भीती नाही. बरीच वर्षं या कामाला २४ चिन्हं पुरली. ती २५ जागांवर मांडायची तर किती निरनिराळ्या रचना होतील? ३२ वर ३३ शून्यं, साधारण एवढ्या. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं मानतात. अगदी पहिल्या क्षणापासून आजपर्यंत दर सेकंदाला एक अब्ज रचना कुणी तपासत आला असता, तरी एकूण रचनांच्या सात कोटीव्या भागापर्यंतही तो पोचला नसता. कागदाच्या चिटोऱ्यावर मावणाऱ्या पाच गटांत एवढा ऐसपैस अवकाश दडलेला आहे!

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. विंडोज ९५ ची सीडी-की तपासायची रीत आज ऐकली तर हसू येतं: शेवटच्या सात अंकांची बेरीज करा, तिला सातने निःशेष भाग गेला की झालं. त्यामुळे सरळ सगळे एक दाबत गेलं, १११-१११११११, तरी संगणक खुशाल आत घ्यायचा. सात एके सात. चौथीतल्या पोराने बनवावी अशी ही किल्ली होती.

पुढच्या पिढीने मात्र खरोखरच थक्क करणारी युक्ती वापरली. विंडोज एक्सपीच्या काळापासून कीच्या अक्षरांमध्ये कंपनीची गणिती सही मुरवलेली असते. ‘इलिप्टिक कर्व्ह’ नावाच्या वक्रांवरचं हे गणित असं आहे, की सही खरी आहे का, हे तुमच्या लॅपटॉपला क्षणात पडताळता येतं. पण तशी नवी सही करणं मूळ गुपित आकडा ठाऊक असल्याशिवाय जवळजवळ अशक्य. सगळ्यांना ओळखता येते पण कुणालाच नक्कल करता येत नाही अशी सही, तीही पाच-पाच अक्षरांच्या गटांत. बँकेचे व्यवहारही याच जातीच्या गणितावर चालतात.

तरी एक भोक उरतंच. सही खरी असली म्हणून काय झालं, तीच की शंभर जणांनी टाइप केली तर? म्हणून २००१ साली ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन आलं. संगणक आपल्या सुट्या भागांवरून एक खूण तयार करतो, ती कीबरोबर कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथल्या वहीत नोंद होते: ही की, या यंत्रावर. पैसे आपण देतो ते या नोंदीसाठी. प्रोग्रॅम तर जगभर एकच आहे. त्याची आणखी एक प्रत काढायला कंपनीला काहीच खर्च येत नाही, आणि तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतो.

या विचित्र मालाची किंमत लावायची कशी, हा वाद मायक्रोसॉफ्टइतकाच जुना आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना एक खुलं पत्र लिहिलं. त्याच्या कंपनीने लिहिलेलं बेसिक तेव्हा कागदी पट्टीवर भोकं पाडून मिळायचं, आणि एकाने घेतलेली पट्टी क्लबातले बाकीचे नकलून घ्यायचे. यंत्राचे पैसे सगळे देतात, मग सॉफ्टवेअर तेवढं फुकट वाटून घ्यायचं, हे कसं, असा त्याचा सवाल होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही या मालाच्या स्वरूपावर डोकं खाजवावं लागलं. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात न्यायालय म्हणालं, की तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च आहे, त्यावर विक्रीकर लागू होतो. २०२१ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी बारीक भेद केला: गिऱ्हाइकाला मिळते ती वापरायची प्रत, तिच्यातला स्वामित्वहक्क नव्हे. दुकानातून पुस्तक आणलं म्हणून ते छापायचा अधिकार मिळत नाही, तसंच.

आता त्या पाचशे रुपयांच्या कीकडे येऊ. ती बहुधा खोटी नसते. खोटी चालणारच नाही, हे वर पाहिलंच. ती खरी असते, पण दुसऱ्या कुणाची तरी.

मोठ्या कंपन्या, विद्यापीठं, सरकारी कार्यालयं एकेक प्रत विकत घेत बसत नाहीत. त्यांना घाऊक परवाना मिळतो, आणि त्याच्या एका प्रकारात एकच की ठरावीक वेळा वापरायची मुभा असते. समजा, पाचशे संगणकांसाठी की घेतली आणि संस्थेत संगणक निघाले तीनशे. उरलेल्या दोनशे वेळा कुणीतरी बाहेर विकतो. मंगल कार्यालयातल्या यजमानाने छापलेली जेवणाची कुपनं कुणी फाटकाबाहेर विकावीत, तसा हा प्रकार. कुपन अस्सल, जेवण अस्सल, पंगतीला बसलेला पाहुणा तेवढा आगंतुक. म्हणून तर ओळखीच्यांचं वर्ड सुरळीत चालतं. एखाद्या दिवशी त्या कीचा गैरवापर कंपनीच्या ध्यानात येतो, ती रद्द होते, आणि तुमच्या पडद्यावर ‘उत्पादन परवानाधारक नाही’ अशी सूचना झळकू लागते. तेव्हा विक्रेता फोन उचलेल का, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

घाऊक परवान्याची दुसरी पद्धत याहून मजेदार आहे. तिचं नाव केएमएस. संस्थेच्या आवारातच एक सर्व्हर बसवलेला असतो आणि तिथले संगणक बाहेर कुठे न जाता त्याच्याकडूनच परवानगी घेतात. निदान पाच संगणकांनी येऊन विचारल्याशिवाय हा सर्व्हर ऑफिसला होकारच देत नाही. एकट्यादुकट्याला तो दारात उभा करत नाही. होकार मिळाला तरी तो १८० दिवसांचा. नोकरी सुटली, लॅपटॉप घरीच राहिला, सर्व्हरची भेट संपली, की सहा महिन्यांनी ऑफिस कुरकुर सुरू करतं. ‘ॲक्टिव्हेटर’ म्हणून जे फुकट प्रोग्रॅम फिरतात, ते याच सर्व्हरचं सोंग तुमच्याच लॅपटॉपमध्ये उभं करतात. ते चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना हमखास असते. अनोळखी प्रोग्रॅमला घरात घ्यायचं आणि त्याच्या येण्याआधी राखणदाराला सुट्टी द्यायची, यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

पण सगळ्यांत धोक्याचा प्रकार तिसराच, आणि तो दिसायला सर्वांत सभ्य. यात की मिळतच नाही; मिळतं एक तयार खातं. नाव आणि पासवर्ड विक्रेत्यानेच दिलेला, सोबत क्लाउडवर भरघोस जागा. हे खातं कुठल्यातरी परक्या संस्थेच्या नावाखालचं असतं. अशा खात्यांवर संस्थेच्या प्रशासकाचा ताबा असतो: तो पासवर्ड बदलू शकतो, खातं बंद करू शकतो, क्लाउडवरच्या तुमच्या फायली उघडू शकतो. आयकराचे कागद, मुलांची प्रमाणपत्रं, भाडेकरार अशा माणसाच्या हाती ठेवायचा, जो कोण आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. स्वस्त की बंद पडली तर फार तर पाचशे रुपये बुडतील. इथे मात्र बुडतं ते खातं आणि त्यातलं सगळं काही.

परदेशी विक्रेते आणखी एक कारण पुढे करतात: आमची विक्री कायदेशीर आहे. त्यामागे युरोपीय न्यायालयाचा ३ जुलै २०१२ चा निकाल आहे. यूज्डसॉफ्ट नावाच्या जर्मन कंपनीविरुद्ध ओरॅकल असा तो खटला. कायमस्वरूपी परवाना घेणारा तो पुढे विकू शकतो, मात्र स्वतःकडची प्रत त्याने निकामी केली पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. निकाल मोठा आहे, पण तो युरोपचा. आणि तिथेही पहिल्या मालकाने आपली प्रत खरंच पुसली की नाही, हे ई-मेलमध्ये आलेल्या पाच गटांवरून कुणालाच सांगता येत नाही.

एवढं वाचल्यावर एखादा म्हणेल, नकोच ते ऑफिस! मग प्रश्न येतो: माणसं त्यासाठी इतकी धडपडतात तरी का? पत्र लिहायला आणि हिशेब मांडायला फुकट साधनं पडली आहेत की.

याचं उत्तर एक्सेलच्या एका चुकीत सापडतं. एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत ६० लिहा आणि तिचं स्वरूप तारखेचं करा. उत्तर येईल २९ फेब्रुवारी १९००. असा दिवस कधी उगवलाच नाही! शतकाचं वर्ष लीप व्हायला त्याला ४०० ने भाग जावा लागतो, १९०० ला तो जात नाही. ही चूक मुळात लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमची. एक्सेल आलं तेव्हा लोटसच्या फायली त्यात जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून ती चूक जाणूनबुजून उचलली गेली, आणि आजतागायत ती तिथेच आहे, कारण दुरुस्त केली तर जगभरचे हिशेब एका दिवसाने सरकतील. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये हाच प्रयोग करा. ते प्रामाणिकपणे २८ फेब्रुवारी दाखवतं. एक मार्च १९०० पासून दोघांचं पुन्हा एकमत.

म्हणजे ऑफिसचे पैसे निव्वळ गुणांचे नाहीत. जग जे वापरतं तेच, तसंच, त्याच्या चुकांसकट आपल्याकडेही असण्याचे ते पैसे आहेत. या सवयीचा जोर बघायचा तर शास्त्रज्ञांकडे बघा. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती. एक्सेल ती तारखा समजून बदलून टाकायचं आणि संशोधनाच्या तक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा यायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये हा बदल बंद करायची सोय आली ती नंतर, २०२३ मध्ये! त्याच २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी काही दिवस अहवालातून गळाल्या, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत. नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ मावतात.

आपल्याकडेही ही सवय पद्धतशीर रुजली आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून लाखो मराठी मुलामुलींनी केला. कित्येक सरकारी नोकऱ्यांना ते प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे आपल्याला ‘संगणक येतो’ म्हणजे वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट येतं, असंच समीकरण होऊन बसलं. हात एकदा एका जागी बसला की दुसऱ्या पट्टीवरची बटणं शोधायचा कंटाळा येतो, आणि हा कंटाळा खोटा नाही. रोज चार तास एक्सेलमध्ये घालवणाऱ्या लेखापालाला लिब्रेऑफिस घ्या म्हणणं सोपं, त्याच्या मॅक्रोंचं काय करायचं ते सांगणं अवघड.

मात्र घरगुती वापराचं चित्र गेल्या वीस वर्षांत पुष्कळ बदललं आहे, आणि ते बदललं फायलींमुळे. एक प्रयोग करून बघा. वर्डच्या एखाद्या साध्या फाइलची प्रत काढा आणि नावाच्या शेवटचं डीओसीएक्स पुसून तिथे झिप लिहा. फाइल गाठोड्यासारखी उघडेल. आत फोल्डर दिसतील, त्यांतल्या एकात तुमचा मजकूर साध्या खुणांमध्ये लिहिलेला, आणि चित्रं वेगळी ठेवलेली. हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर बाकी सगळं अगम्य दिसतं, पण अगदी पहिली दोन अक्षरं स्पष्ट वाचता येतात: पी आणि के. ही फिल कॅट्झची आद्याक्षरं. त्याने १९८९ मध्ये झिपची रचना केली आणि २००० मध्ये तो गेला. आज जगात कुणीही वर्डमध्ये अर्ज लिहून जपून ठेवला, की नकळत पहिली दोन अक्षरं त्याच्या नावाची उमटतात.

ही रचना ऑफिस २००७ बरोबर आली. तिचा सहा हजारांहून अधिक पानांचा तपशील प्रसिद्ध झाला आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तो सोहळा बिनविरोध नव्हता. लिब्रेऑफिस वापरतं ते ओडीएफ हे फाइलस्वरूप २००६ मध्येच मानक झालं होतं. एकाच कामाला दुसरं मानक कशाला, असा वाद पेटला, आणि भारताच्या मानक संस्थेने, बीआयएसने, मायक्रोसॉफ्टच्या मसुद्याविरुद्ध मत दिलं. मसुदा तरीही मंजूर झाला. वाद बाजूला ठेवला तरी सामान्य माणसाचा फायदा झाला: रचना उघड झाल्यामुळे इतर प्रोग्रॅमांना वर्डच्या फायली वाचणं सोपं झालं. लिब्रेऑफिसचं मूळ तर जर्मनीतल्या मार्को ब्योरीस नावाच्या एका किशोराने १९८५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीत आहे. ती १९९९ मध्ये सन या संगणक-कंपनीने घेतली, पुढे त्या सॉफ्टवेअरचा गाभा सर्वांसाठी खुला केला, आणि २०१० मध्ये स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडली तेव्हा लिब्रेऑफिस हे नाव आलं. त्याचे मेनू मराठीतही मिळतात.

अडचणी येतात त्या मांडणीत. फाइलमधला फाँट आपल्याकडे नसला की ओळी सरकतात, दोन पानी बायोडेटा तिसऱ्या पानावर सांडतो. युनिकोड मराठी मात्र दोन्हीकडे सारखीच उघडते. जुन्या श्रीलिपीतल्या फायलींचा त्रास ऑफिस विकत घेऊनही जात नाही. त्यांना तो फाँटच लागतो.

तेव्हा सौद्याआधी घरातच थोडी शोधाशोध करा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांबरोबर ऑफिस आधीच आलेलं असतं आणि लोक खोक्यावरची ती ओळ वाचतच नाहीत. ते सुरू करायला मुदत असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात बघा; आणि खातं उघडाल ते स्वतःचं, दुकानदाराच्या ई-मेलवर नको, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला त्याच्यामागे फिरावं लागेल. त्यातलं ‘लाइफटाइम’ हे त्या लॅपटॉपचं आयुष्य, तुमचं नव्हे. कॉलेजने ई-मेल दिला असेल तर मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक योजना फुकट मिळते का, ते विचारा. ब्राउझरमध्ये चालणारं वर्ड-एक्सेल कुणालाही फुकट आहे, सोबत पाच जीबी जागा. महिन्याला दोन पत्रं आणि सोसायटीचा एक हिशेब एवढंच काम असेल, तर शोध इथेच थांबवायला हरकत नाही.

विकतच घ्यायचं ठरलं तर सवलतीच्या आकड्याआधी आवृत्तीचं साल बघा. ऑफिस २०१९ च्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, २०२१ च्या १३ ऑक्टोबर २०२६ ला थांबतील, २०२४ च्या ९ ऑक्टोबर २०२९ ला. त्यानंतर प्रोग्रॅम उघडतो, चालतो, पण नव्या धोक्यांपुढे उघडा पडतो. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. मोठी सवलत दिसणारी जुनी आवृत्ती या भागाकारात बहुतेक वेळा महाग निघते. वार्षिक वर्गणीचं गणित वेगळं: ती संपली की फायली वाचता आणि छापता येतात, दुरुस्त करता येत नाहीत. पण सेलमध्ये घेतलेली वर्गणीची कार्डं एकापुढे एक जोडता येतात, पाच वर्षांपर्यंत. घरात चार जण वापरणारे असतील तर फॅमिली वर्गणी मला जास्त शहाणपणाची वाटते. धंद्याची बिलं करणार असाल, तर ‘होम’ नावाची आवृत्ती त्यासाठी नाही, ‘होम अँड बिझनेस’ घ्या.

लॅपटॉप घेताना दुकानातच, बिलावर नोंदवून मिळणारी सवलत खरी. ती जरूर घ्या. बिलाशिवाय ई-मेलवर येणारी पाचशे रुपयांची की घेऊ नका, आणि दुसऱ्याने तयार करून दिलेलं खातं फुकट मिळालं तरी नको.